ऐंशी रुपयांचा आराखडा



कोणताही धंदा काढावयाचा म्हटला की आज प्रथम त्याचा आराखडा मागतात. बचत गट बँकेच्या दारात कर्जासाठी गेला, तर काय करणार, कोठे विकणार, फेड कशी करणार, हे लिहून द्यावे लागते. माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईला तो शब्दच भीती घालतो. मंडळाने वाळवणाचा धंदा काढावा, असे यंदा आपल्यापैकी पुष्कळजणींच्या मनात आहे. म्हणून मुंबईच्या सात बायकांनी आपल्या धंद्याचा आराखडा कसा बांधला, तो इतिहास येथे सांगते.

दिनांक १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती भगिनी पापड लाटावयास बसल्या. जसवंतीबेन पोपट या त्यांपैकीच एक. शिक्षण बेताचे, बाहेर नोकरी मिळण्याजोगी नव्हती. हाताशी विद्या एकच, स्वयंपाकघरातली. छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून त्यांनी ८० रुपये उसने घेतले. पारेख हे नामदार गोखल्यांनी १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते. लोक त्यांना छगनबापा म्हणत. त्या पैशांत बायकांनी तोट्यात चाललेला एक पापडाचा धंदा सामानासकट विकत घेतला. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली व ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे विकावयास दिली.

येथे विचार करण्यासारखी गोष्ट अशी, की पापड तेच आणि मुंबईही तीच. मग एकाच्या हाती जो धंदा बुडत होता, तो सातजणींच्या हाती तरला कसा? माझ्या मते त्याचे उत्तर त्यांनी आरंभीच घालून घेतलेल्या नियमांत आहे.

पहिला नियम, तोटा आला तरी कोणाकडे देणगी मागावयाची नाही. ८० रुपये घेतले ते उसने म्हणून. दुसरा नियम, माल एकच व चांगलाच. आरंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत. त्यांतले हलके पापड स्वस्तात विकावे, असा बेत होता. छगनबापांनी तो मोडून काढला. दर्जाशी तडजोड करू नका आणि हा धंदा आहे हे जाणून हिशेब नीट ठेवा, असे त्यांनी बजावले. मोडके पापड शेजारीपाजारी वाटून टाकीत, पण पाकिटात घालीत नसत. तिसरा नियम, जी लाटील ती मालकीण. नफा झाला तर सर्वांचा आणि नुकसान झाले तर तेही सर्वांचे.

असे असूनही पहिल्या वर्षी अडचण आलीच. पावसाळ्यात पापड वाळेनात व चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक बाज व एक शेगडी घेतली. बाजेवर पापड आणि खाली शेगडी; अशा रीतीने भर पावसातही काम चालू राहिले. आराखडा एकदा लिहून पेटीत ठेवावयाचा नसतो. अनुभव येईल तसा तो दुरुस्त करावयाचा असतो, हे यावरून दिसते.

पहिल्या वर्षाची विक्री ६१९६ रुपये झाली. पहिल्या तीन महिन्यांतच लाटणाऱ्या भगिनींची संख्या पंचविसांच्या घरात गेली होती. १९६२ साली ‘लिज्जत’ हे नाव मिळाले. ते स्पर्धा लावून निवडले व सुचविणाऱ्या भगिनीला ५ रुपये बक्षीस दिले. १९६६ साली ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ ही संस्था रीतसर नोंदविली गेली आणि त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. सरकारदरबारचा कागद झाला तो असा सात वर्षांनी. आपसांतील करार मात्र पहिल्या दिवसापासून होता. आज या संस्थेत ४० हजारांहून अधिक भगिनी काम करतात. जसवंतीबेनना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

आता आपल्याकडे वळू. मारेगाव म्हणजे मुंबई नव्हे. आपला भाग कापसाचा. पाऊस चुकला की घराघरांतला पैसा आटतो. म्हणूनच बायकांच्या हाती स्वतंत्र मिळकत असणे येथे अधिक गरजेचे आहे, आणि म्हणूनच ती विचार न करता काढलेल्या धंद्यात घालविणे आपल्याला परवडणारे नाही. कुरडया, शेवया, मुगवड्या आपण सर्वच चांगल्या करतो. परंतु शेजारणीही तितक्याच चांगल्या करतात. मग विकत कोण घेणार? उडीद-मुगाचा भाव चढला तर पाकिटाची किंमत कोण ठरविणार? पावसाळ्यात वाळवण कोठे करणार? एकीचा माल बिघडला तर तो परत करण्याचे धैर्य कोण दाखविणार?

या प्रश्नांची उत्तरे साध्या वहीत, आपल्या भाषेत लिहिली की आराखड्याचे मुख्य काम झाले. बँकेचा छापील कागद त्यावरून कोणीही भरून देईल. यांत सर्वांत आधी लिहावयाची ओळ तोट्याची, असे मला वाटते. नफा वाटून घेताना सहसा भांडण होत नाही. तोटा कोणी सोसावा यावरून मात्र सख्ख्या जावांचे बोलणे तुटते. तेव्हा मंडळाच्या पुढील बैठकीत भांडवलाचा आकडा ठरविण्यापूर्वी ही एक ओळ सर्वांनी मिळून लिहावी व तिच्याखाली प्रत्येकीने सही करावी, अशी माझी विनंती आहे.