रोकफोर

रोकफोर : दक्षिण फ्रान्सच्या आव्हेरों जिल्ह्यातील रोकफोर-सुर-सुल्झों या खेड्याच्या नैसर्गिक गुहांत मुरवलेले निळ्या बुरशीचे चीज. ते लाकोन जातीच्या मेंढ्यांच्या दुधाचेच करतात. दूध निर्जंतुक करण्यासाठी तापवत नाहीत आणि त्यावरची सायही काढत नाहीत. तयार ढेप सुमारे २० सेंमी. व्यासाची आणि अडीच ते तीन किलो वजनाची भरते. तिला कठीण साल नसते. कापल्यावर हस्तिदंती, ओलसर, जरासा भुसभुशीत गर दिसतो आणि त्यात निळ्या-हिरव्या शिरा. चव आधी खारट, मग आंबूस, मग लोण्यासारखी गोडसर लागते आणि शेवटी टाळूला झणझणी आणते. उग्र चीजच्या शौकिनांच्या तोंडी हे नाव पहिल्या दोन-चारांत येते. ज्यांनी ते एकदाच, आणि चुकीच्या रीतीने, चाखलेले असते त्यांच्याही तोंडी ते येते, पण निराळ्या सुरात.

हा उग्रपणा नासण्यातून आलेला नाही. तो पायरीपायरीने घडवलेला असतो. दूध कोमट असतानाच त्यात ते घट्ट बसवणारे रेनेट आणि ‘पेनिसिलियम रोकफोर्टी’ या बुरशीचे बीजाणू मिसळतात. दूध घट्ट बसले की त्याच्या बारीक वड्या कापून साच्यात भरतात. इथे दाब मुळीच देत नाहीत. ढेप नुसती उलटसुलट करत निवळी आपोआप गळू देतात, त्यामुळे आत पोकळ्या राहतात आणि पुढे बुरशीला तिथेच जागा मिळते. मग बाहेरून जाडे मीठ चोळायचे आणि ढेपेला लांब सुयांनी आरपार भोके पाडायची. ही बुरशी फार थोड्या हवेवर जगते, पण अजिबात हवेवाचून नाही. सुईच्या वाटेने आत शिरलेली हवाच तिला जागे करते. कापलेल्या रोकफोरमध्ये कधीकधी सरळ रेषेत उतरलेली निळी शीर दिसते, ती सुईची वाट असते.

बुरशी वाढवण्याची जुनी रीत म्हणजे राय आणि गव्हाचे मोठे पाव मुद्दाम कडक भाजून गुहेत ठेवून देणे. काही आठवड्यांत आतला सगळा गर निळसर होतो. तो वाळवून त्याची पूड करतात, आणि अगदी थोडी पूड पुष्कळ दुधाला पुरते. आज बहुतेक ठिकाणी प्रयोगशाळेत वाढवलेले बीजाणू वापरतात. तरी पापियोंसारखे उत्पादक पावाची रीत टिकवून आहेत. जनुकीय अभ्यासांत असे दिसले आहे की रोकफोरमधील बुरशीचा गट जगातल्या इतर निळ्या चीजमधील गटाहून वेगळा आहे.

झणझणीचे मूळ मेंढीच्या दुधात आहे. त्यात गाईच्या दुधापेक्षा स्निग्धांश बराच जास्त असतो, आणि कॅप्रिलिक व कॅप्रिक ही मध्यम साखळीची मेदाम्लेही जास्त. बुरशीची विकरे स्निग्धांश फोडून ही आम्ले मोकळी करतात. जिभेला टोचतात ती हीच. त्यांतल्या काहींपासून बुरशी पुढे मिथिल कीटोने तयार करते, आणि ‘निळ्या चीजचा’ म्हणून जो वास नाकाला ओळखू येतो तो मुख्यतः त्यांचा. मेंढीच्या दुधात कॅरोटीनचा पिवळेपणा नसतो, म्हणून गर पांढरा राहतो आणि निळाई उठून दिसते.

गुहा कोंबालू नावाच्या चुनखडीच्या डोंगरात आहेत. प्राचीन काळी या डोंगराची कड कोसळली आणि सुमारे दोन किलोमीटर लांबीचा दगडांचा ढिगारा झाला. त्यातल्या खोल भेगांना स्थानिक लोक फ्लरीन म्हणतात. बाहेरची हवा त्यांतून थंड आणि ओली होऊन गुहेत उतरते, त्यामुळे तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि आर्द्रता शंभर टक्क्यांजवळ राहते. गावकऱ्यांनी या भेगांच्या तोंडाशीच मजल्यांवर मजले असलेली तळघरे बांधली. भेगेचे दार कमीजास्त उघडून हवा राखायची, हे तिथल्या मुरवणाऱ्याचे खरे कसब. ढेपा ओकच्या फळ्यांवर, एकमेकींना न चिकटतील अशा, कडेवर उभ्या ठेवतात. किमान १४ दिवस त्या उघड्या राहतात. नंतर बुरशीची धाव रोखण्यासाठी कथिलाच्या पातळ पत्र्यात गुंडाळून गारव्यात हळूहळू मुरवतात. एकूण मुदत ९० दिवसांपेक्षा कमी चालत नाही. पूर्वी या गारठ्यात ढेपा उलटण्याचे व खरवडण्याचे काम बायका करीत. त्यांना काबानिएर म्हणत. रोकफोरच्या जाहिराती गुहांचे जेवढे गोडवे गातात त्याच्या निम्मेही या बायकांच्या वाट्याला आलेले नाहीत.

उगमाची कथा ठरावीक आहे : एक मेंढपाळ पोरीच्या मागे धावला, शिदोरी गुहेत विसरला, परतला तेव्हा चीज निळे झालेले. थोरल्या प्लिनीने रोकफोरची तारीफ केली, असेही सर्रास छापतात. प्लिनीने लोझेर आणि जेव्होदां भागातून रोमला येणाऱ्या चीजचा उल्लेख केला आहे खरा, पण त्यात बुरशीचे नाव नाही, त्यामुळे हा दावा ओढूनताणून आणलेला वाटतो. कागदोपत्री इतिहास मात्र भक्कम आहे. सहाव्या शार्लने १४११ मध्ये हे चीज मुरवण्याचा एकाधिकार रोकफोरच्या रहिवाशांना दिला. तुलूझच्या न्यायपीठाने १६६६ मध्ये नकली मालाच्या व्यापाऱ्यांना दंड ठरवला. २६ जुलै १९२५ च्या कायद्याने रोकफोरला उगमस्थानाचे संरक्षण मिळाले. फ्रान्समध्ये असे संरक्षण मिळालेले हे पहिले चीज. मुरवण्याची क्रिया कोंबालूच्या नैसर्गिक गुहांतच झाली पाहिजे, असा निवाडा मियोच्या न्यायालयाने १९६१ मध्ये दिला. विसाव्या शतकात बराच काळ कॉर्सिका आणि पिरेनीजमधील दुधाच्या ढेपाही इथे मुरायला येत. आता दूधही ठरवून दिलेल्या टापूतलेच लागते.

या टापूतले लार्झाकचे पठार चीजपेक्षा आंदोलनांसाठी जास्त गाजले. लष्करी छावणीच्या विस्तारासाठी १९७१ मध्ये इथली जमीन घेण्याचे ठरले, तेव्हा १०३ शेतकऱ्यांनी ती न विकण्याची शपथ घेतली. त्यांतले बरेच जण रोकफोरला दूध घालणारे होते. १९७२ मध्ये त्यांनी मेंढ्या थेट आयफेल टॉवरखाली नेऊन चारल्या. लढा अहिंसक ठेवण्यामागे लान्झा देल वास्तो यांचे उपोषण होते. हे गृहस्थ १९३७ च्या सुमारास वर्ध्याला गांधीजींजवळ राहिले होते आणि गांधीजींनी त्यांना ‘शांतिदास’ म्हटले होते. सेवाग्रामचा धडा असा मेंढपाळांच्या पठारावर पोहोचला. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मित्तराँ यांनी विस्तार रद्द केला. याच पठारावरचे मेंढपाळ जोझे बोव्हे १९९९ मध्ये बातम्यांत आले. युरोपने संप्रेरके दिलेल्या गुरांचे मांस घेण्यास नकार दिला, म्हणून अमेरिकेने रोकफोरसह काही मालावर शंभर टक्के आयात शुल्क लावले. त्याचा राग बोव्हे आणि सहकाऱ्यांनी मियो येथे बांधकाम चालू असलेल्या मॅकडोनाल्डवर काढला आणि त्याचे भाग सुटे केले. २००९ च्या जानेवारीत अमेरिकेने हे शुल्क तीनशे टक्के करण्याचे जाहीर केले, पण ते लागू होण्याआधीच तडजोड झाली.

खाण्याच्या रीतीवर या चीजची अर्धी कीर्ती अवलंबून आहे. फ्रिजमधून काढून तसेच खाल्ले तर नुसते मीठ लागते : गार स्निग्धांश आखडलेला असतो आणि वास सुटत नाही. तासभर आधी बाहेर काढावे. सुरीने दाबून कापू नये, गर चिरडतो. दुकानात तारेचे कापणे वापरतात. बुरशी मध्याकडे दाट असते, म्हणून प्रत्येक फोड मध्यापासून कडेपर्यंत जाईल अशी काढायची. पंगतीत आपल्यापुरते टोक उचलणाऱ्याला फ्रेंच माणूस असभ्य समजतो. घास लहान, वाटाण्याएवढा, घ्यावा. पहिल्यांदा चाखणाऱ्याने सोबत पिकलेले पेअर, अक्रोड किंवा थोडा मध ठेवावा; गोडाने खारटपणा मागे सरतो आणि लोण्याची चव पुढे येते. सोतेर्न या गोड वाइनशी जोडी लावतात ती याच कारणाने. तांबडी, तुरट वाइन मात्र याच्यापुढे कडू लागते, कुणी काहीही म्हणो. पावावर आधी लोणी लावावे की नाही यावर फ्रान्समध्ये दोन पक्ष आहेत, नवख्याने लावावे. गरम सॉसमध्ये घालायचे तर आच बंद करून शेवटी घालावे आणि वेगळे मीठ टाकू नये. सुकट भाजल्याचा वास ज्या घरात लहानपणापासून भूक वाढवतो तिथल्या माणसाला रोकफोरशी जुळवून घ्यायला फार वेळ लागू नये. नाकाला आधी नको वाटणारी गोष्ट जिभेला आवडू शकते, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही.

कच्च्या दुधाचे असल्याने गरोदर स्त्रियांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी ते टाळावे. लिस्टेरिया जंतूंचा धोका असतो. ऑस्ट्रेलियाने याच मुद्द्यावर आयात अडवून धरली होती, ती २००५ मध्ये मोकळी केली. बुरशीच्या नावात ‘पेनिसिलियम’ असले तरी पिंपरीच्या कारखान्यामुळे मराठी वाचकाला परिचित झालेले पेनिसिलिन हिच्यापासून होत नाही. ते याच कुळातल्या दुसऱ्या बुरशीचे.

रोकफोरच्या भावंडांत इटलीचे गोर्गोन्झोला, इंग्लंडचे स्टिल्टन आणि डेन्मार्कचे दानाब्लू यांची नावे घेतात; तिन्ही गाईच्या दुधाची आणि तुलनेने सौम्य. सर्वांत जवळचे ब्लू दे कोस. १९२५ च्या कायद्याने गाईचे दूध बाद केल्यावर त्याच परिसरातल्या गाईवाल्यांनी आपल्या चीजसाठी हे वेगळे नाव मिळवले. तेही तशाच भेगांच्या गुहांत मुरते. आताचा वाद निराळा आहे. रोकफोरचा सर्वांत मोठा उत्पादक असलेल्या, लाक्तालिस उद्योगसमूहाच्या सोसिएतेने २०१९ मध्ये ‘ब्लू द ब्रबी’ बाजारात आणले : मेंढीचेच, पण पाश्चरीकृत दुधाचे, रोकफोरच्या नियमांबाहेरचे, चवीला मवाळ आणि वेष्टनाने सख्खे भाऊ वाटावे असे. बोव्हे यांच्यासह अनेकांनी त्याला जाहीर विरोध केला. ग्राहकाला फरक कळणार नाही आणि संरक्षित नावाचा कस जाईल, हा त्यांचा आक्षेप. उत्पादकाचे म्हणणे असे, की तरुण गिऱ्हाइकाला उग्र चव नको आहे.