सर्पगंधेची परीक्षा

रक्तदाबाची गोळी आज वर्तकनगरच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते. १९४९ साली मात्र डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. त्या वर्षी परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी ५० रुग्णांना सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या देऊन त्यांच्या रक्तदाबाच्या नोंदी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापल्या. मुळी वैद्यांना जुनीच ठाऊक. कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनीही १९३१ मध्ये तिच्यावर लिहिले होते. पण जगाने ऐकले ते वकिलांचे. माझ्या मते, मोठेपण त्या काटेकोर नोंदींचे. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. मुळीतून काढलेल्या रेसरपीनने काहींना खिन्नता येते असे पुढे दिसले आणि ते मागे पडले. त्याच मुळीतले अजमलीन (नाव हकीम अजमल खानांवरून) मात्र हृदयाच्या ठोक्यांमधला एक छुपा दोष उघडा पाडायला अजूनही वापरतात.