विमानाचा धातू आणि मनगटाचे हाड

नाशिकजवळच्या ओझरचे नाव घेतले की आपल्याला विमाने आठवतात. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा तेथील कारखाना १९६४ मध्ये मिग विमानांसाठी स्थापन झाला. पुढे सुखोई-३० विमानेही तेथे तयार झाली. विमानाला हलका पण बळकट धातू लागतो. त्यासाठी १९५० च्या दशकात विकसित झालेला टायटॅनियमचा एक मिश्रधातू आज माणसाच्या हाडातही बसवला जातो. मनगटाच्या बाबतीत ही वेळ का आली, ते आपण पाहू.

पडताना माणूस हात पुढे टेकतो. असे पडल्यावर मनगट वाकडे झाले, तर सांधा निखळला असे पूर्वी समजत. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये दाखवून दिले की, सांधा जागेवरच असतो. त्याच्या थोडे वर रेडियस हे हाड मोडलेले असते. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा ८१ वर्षे अवकाश होता!

क्ष-किरणांमुळे आणखी एक अस्थिभंग नीट ओळखता येऊ लागला. मनगटात आठ लहान हाडे दोन ओळींत असतात. त्यांपैकी नावेच्या आकाराचे स्कॅफॉइड दोन्ही ओळींना पुलासारखे जोडते. तळवा टेकून मनगट मागे वाकले की या हाडाचा कोपराकडील भाग रेडियसला घट्ट धरलेला राहतो, तर बोटांकडील भाग मागे रेटला जातो. गुडघ्यावर काठी मोडावी तसे हाड मध्येच मोडते. तळव्याच्या बाजूला ताण पडतो आणि तडा तेथून सुरू होतो. शिवाय याच्या बहुतेक रक्तवाहिन्या बोटांकडच्या अर्ध्या भागातून शिरून मागे जातात. हाड तुटले की मागच्या तुकड्याचे रक्त तुटते. म्हणून ते सावकाश सांधते, कधी सांधतच नाही, आणि काही वर्षांनी मनगट झिजून दुखू लागते.

प्लास्टरने हाताची हालचाल थांबते, पण तुकडे एकमेकांवर दाबले जात नाहीत. ऑस्ट्रेलियाचे शल्यचिकित्सक टिमोथी हर्बर्ट यांनी त्यासाठी डोके नसलेला स्क्रू तयार केला. त्याची माहिती १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच्या दोन्ही टोकांना आटे असतात, पण पुढच्या आट्यांचे अंतर जास्त असते. समजा, एका फेऱ्यात पुढचे टोक १ मिलिमीटर सरकते आणि मागचे ०.८ मिलिमीटर. मग दर फेऱ्याला तुकडे ०.२ मिलिमीटरने जवळ येऊ पाहतात. दाबामुळे घर्षण वाढते आणि तुकडे घसरत नाहीत. डोके नसल्याने स्क्रू कूर्चेखाली लपतो. तो टायटॅनियमच्या मिश्रधातूचा असतो. हा धातू शरीराला मानवतो, आणि त्याची ताठरता पोलादाच्या जवळजवळ निम्मी, म्हणजे हाडाला अधिक जवळची असते.

रेडियसचा चुरा झाला असेल तर मात्र दाबून चालत नाही, ओढावे लागते. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी यासाठीही उपयोगी पडणारी बाह्य चौकट विकसित केली. ती 'जेस' या नावाने ओळखली जाते. हाडांत बारीक तारा घालून त्या बाहेरून सळ्यांना जोडतात. चौकट ताणली की सांध्याभोवतीचे अस्थिबंध ताठ होतात आणि तुकड्यांना ओळीत आणतात. सुटे भाग साधे आणि हलके असल्याने ती कमी खर्चात होते. ताण फार दिला तर बोटे आखडतात, एवढे सांभाळावे लागते.

हाड स्वतःच सांधते. धातूचे काम बलांना योग्य दिशा देण्याचे आहे. कोठे दाब हवा, कोठे ओढ, हे ठरवण्यासाठी यंत्रशास्त्र लागते.

शाळेच्या मैदानावर विद्यार्थी हात टेकून पडला आणि अंगठा ताठ केल्यावर त्याच्या मुळाशी पडणाऱ्या खळगीत दुखू लागले, तर 'मुरगळले असेल' म्हणून सोडू नये. स्कॅफॉइडचा तडा पहिल्या चित्रात कधी कधी दिसत नाही. अशा वेळी डॉक्टर हात बांधून ठेवतात आणि सुमारे दोन आठवड्यांनी पुन्हा तपासतात. ती दुसरी तपासणी चुकवू नये.