बडगामनंतरचे सहा तास

फौजेत टीव्ही एकट्याने बघायची सोय फारशी नसते. कंपनीची एक रिक्रिएशन रूम, तिच्यात एक टीव्ही, पुढे सतरंजीवर जवान, मागे खुर्च्यांवर जेसीओ साहेब, आणि रिमोट ज्याच्या हातात तो त्या संध्याकाळपुरता सीओ. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, त्यामुळे जिथे नेटवर्क आहे तिथे हे चित्र दिसेनासं झालंय. पण बर्फाने रस्ता बंद झाला की नेटवर्कही जातं आणि मग सगळे पुन्हा त्या एका खोलीत येतात. गेल्या दोन पोस्टिंगांत आम्ही हिवाळ्यात जुन्या मालिका पेन ड्राइव्हवर आणून बघितल्या. त्यातल्या बऱ्याच इतिहासाच्या आणि लढायांच्या, म्हणून हा लेख.

आमच्या एका सुभेदार साहेबांचा ठरलेला प्रश्न असे. पडद्यावर कुठलीही लढाई संपली, घोडे-हत्ती असोत की रणगाडे, ते शांतपणे विचारायचे, "साहेब, ह्यांचं जेवण कुठून आलं?" पोरं हसायची. मला मात्र नंतर नंतर प्रत्येक भाग त्याच प्रश्नाने बघायची सवय लागली.

सुरुवात 'परमवीर चक्र'ने केली. १९८८ साली ही मालिका दूरदर्शनवर आली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. दिग्दर्शक चेतन आनंद, ज्यांनी १९६४ मध्ये 'हकीकत' काढला होता. पहिला भाग मेजर सोमनाथ शर्मांवर आणि त्यात फारुख शेख. मराठी वाचकांना ह्या गोष्टीतला एक धागा आवडेल. परमवीर चक्र हे पदक ज्यांनी घडवलं त्या सावित्रीबाई खानोलकर जन्माने युरोपीय, लग्नाने मराठी. त्यांच्या थोरल्या मुलीचे दीर म्हणजेच सोमनाथ शर्मा, ज्यांना हे पदक पहिल्यांदा जाहीर झालं. आणि १९८८ साली आपले लष्करप्रमुख होते जनरल विश्वनाथ शर्मा, सोमनाथांचे धाकटे भाऊ. म्हणजे देश ज्याला नायक म्हणून बघत होता, त्याला लष्करप्रमुख घरातला थोरला म्हणून ओळखत होते.

फारुख शेख मला ह्या भूमिकेत पटले. कुणी धिप्पाड, गरजणारा नट घेतला असता तर तो बाकीच्या हजार सिनेमांसारखा झाला असता. सोमनाथ शर्मांचा डावा हात हॉकीत मोडून प्लास्टरमध्ये होता, तरी हट्टाने ते कंपनीबरोबर श्रीनगरला उतरले. हा मवाळ चेहऱ्याचा माणूस ते करेल असं वाटतं. माझ्या पाहण्यातले असे हट्टी लोक बहुतेक मवाळ चेहऱ्याचेच होते.

पण पुढचं बघा. ३ नोव्हेंबर १९४७, बडगाम. ४ कुमाऊँची डी कंपनी गस्तीवर होती. शत्रू तुकड्या-तुकड्यांनी, गावकऱ्यांत मिसळत, हळूहळू जमत होता. दुपार झाली, काही घडलं नाही, बाकीच्या तुकड्या परत निघाल्या. शर्मांची कंपनी मागे थांबली. अडीचच्या सुमारास गावातल्या घरांतून गोळ्या आल्या. शर्मांना पहिली काळजी पडली ती त्या घरांतल्या बायका-मुलांची, उलट गोळीबार करायचा कसा? मग खरा हल्ला आला, एकास सात. संख्या कमी, मॅगझिन भरायला हात अपुरे, म्हणून एका हाताचा हा मेजर स्वतः जवानांना मॅगझिन भरून देत होता. तिथेच तोफेचा उखळी गोळा पडला आणि ते गेले.

अशा भागाचा शेवट कुठे होणार हे आपल्याला ठाऊक असतं. नायक पडला की बिगुल वाजतो. पण सोमनाथ शर्मांच्या पदकाच्या प्रशस्तिपत्रात एक वाक्य आहे, त्याचा आशय असा की, ते पडल्यावरही त्यांचे जवान सात पट शत्रूशी आणखी सहा तास लढत राहिले. सहा तास. कंपनी कमांडर गेलेला, दारूगोळा संपत आलेला, नोव्हेंबरचा काश्मिरी अंधार लवकर पडतो. श्रीनगरचा विमानतळ ह्या सहा तासांनी वाचवला. २७ ऑक्टोबरला १ शीखचे पहिले जवान उतरल्यापासून सगळी कुमक हवेतूनच येत होती. धावपट्टी गेली असती तर पुढची विमानं उतरली नसती आणि काश्मीरचा नकाशा आज वेगळा असता. त्या सहा तासांत कोण काय करत होतं? कुणी सूत्रं हातात घेतली, कुणी कुणाला पाणी दिलं? मी कंपनी कमांडर होतो तेव्हा माझ्या डोक्यात बडगाम म्हटलं की हेच यायचं. पडद्यावरचा अर्धा तास ज्या क्षणी संपतो, तिथून कंपनीची लढाई सुरू होते.

पानिपतचं तसंच. १९९४ साली संजय खान यांची 'द ग्रेट मराठा' आली, महादजी शिंद्यांवर. मराठी घरांत ती मोठ्या कौतुकाने बघितली गेली. हिंदीत, साऱ्या देशासमोर महादजी! इरफान खान तेव्हा कुणाला फारसे ठाऊक नव्हते, ते ह्या मालिकेत नजीबखान झाले होते, आणि आज बघताना नजर त्यांच्यावरच खिळते. थंड डोक्याचा शत्रू. भरजरी कपडे, तलवारींचा खणखणाट, हे त्या काळच्या रिवाजाप्रमाणे भरपूर.

मी पुढे अंबाल्याकडे पोस्टिंगवर असताना जीटी रोडने कितीदा तरी पानिपतवरून गेलो, काला अंबला उतरलो. सपाट रान, उसाची शेतं. तिथे उभं राहिलं की १४ जानेवारी १७६१ हा दिवस फार छोटा वाटतो. खरं पानिपत त्याआधीच्या अडीच महिन्यांत झालं. ऑक्टोबरात भाऊंनी कुंजपुरा घेतलं, तिथे धान्य मिळालं. त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून दक्षिणेच्या वाटेवर आला. दोन्ही फौजा समोरासमोर खिळल्या. डिसेंबरात रसद आणणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि उरलीसुरली वाट बंद झाली. छावणीत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारी माणसं जास्त, बायका, यात्रेकरू, बाजारबुणगे. बैल गेले, घोडे गेले. संक्रांतीच्या सुमारास सैन्य बाहेर पडलं ते उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून. सुभेदार साहेबांच्या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर आपल्या इतिहासात दुसरं नाही: जेवण कुठूनच आलं नाही. पण उपासमार पडद्यावर दिसत नाही. दिसतो तो विश्वासरावांना लागलेली गोळी आणि मोकळा हत्ती, आणि मग आपण अडीचशे वर्षं त्या हत्तीवर वाद घालतो, भाऊ अंबारीतून उतरले नसते तर वगैरे. धान्याच्या गोण्यांवर वाद घालणारा माणूस मला क्वचित भेटला.

'फौजी'बद्दल थोडं. कर्नल राज कपूर यांची मालिका, शाहरुख खान अभिमन्यू राय. माझ्या अकादमीच्या कोर्समधल्या निम्म्या पोरांनी तरी ती लहानपणी पाहिली होती आणि त्यातल्या काहींच्या अर्जाचं खरं कारण तेच होतं, मुलाखतीत काहीही सांगितलं असो. आज बघताना लाकडी संवाद खटकतात. पण बनवणारा फौजेतला माणूस होता, हे कळतं. धावणं, शिक्षा, एकमेकांची थट्टा, घरची आठवण, पुन्हा धावणं. फौजी आयुष्याचा बहुतेक भाग हाच आहे.

आता 'तमस'. हा लढाईचा विषय नाही, पण त्या हिवाळ्यात खोलीत सगळ्यात जास्त शांतता झाली ती ह्याच भागांना. भीष्म साहनींची कादंबरी, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन, जानेवारी १९८८. साहनी मूळचे रावळपिंडीचे. १९७० च्या दंगलीनंतर ते भिवंडीला गेले, तिथली जळकी घरं बघून त्यांना १९४७ ची रावळपिंडी आठवली आणि 'तमस' लिहायला घेतली. म्हणजे ह्या पंजाबी शोकांतिकेचं बीज आपल्या ठाणे जिल्ह्यात पडलं. मालिका थांबवावी म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात गेलं. दोन्हीकडे मालिकेच्या बाजूने निकाल लागला. म्हातारा हरनाम सिंग स्वतः साहनींनी केलाय, बायको दीना पाठक. आपलं दुकान सोडून निघालेली ती दोघं. आमच्यातले पंजाबातले दोन जवान उठून बाहेर गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले. कुणी काही विचारलं नाही.

माझ्या मनात राहिली ती मात्र गोऱ्या डेप्युटी कमिशनरची गोष्ट. शहरात तणाव आहे, गावचे प्रतिष्ठित लोक त्याच्याकडे शिष्टमंडळ घेऊन जातात: संचारबंदी लावा, फौज बोलवा, निदान एक विमान तरी शहरावरून फिरवा. तो हसून टाळतो. मग पाच दिवस जे व्हायचं ते होतं. शेवटी विमान येतं, गावांवरून फिरतं आणि दंगल थांबते. बॉम्ब नाही, गोळी नाही, नुसता आवाज.

नागरी प्रशासनाच्या मदतीला फौज जाते ती मॅजिस्ट्रेटने बोलावल्यावर. जुन्या फौजदारी संहितेच्या १३० कलमात तसं होतं, आणि हेही होतं की बळ कमीत कमी वापरायचं. तरुण अधिकाऱ्याला हे सगळं वर्गात शिकवतात. वर्गात एक गोष्ट शिकवत नाहीत: ट्रक तयार आहेत, जवान हेल्मेट घालून बसलेत, दूर धूर दिसतोय आणि कागद यायचा आहे. तो वेळ ज्याने काढलाय त्याला 'तमस' वेगळी दिसते. त्या विमानाच्या आवाजाने आमच्या खोलीत कुणालाही हायसं वाटलं नाही. एक लान्स नाईक एवढंच म्हणाला, "हे सोमवारीच आणायचं की." वार त्याने आपल्या मनाचा घातला होता, पण हिशेब बरोबर होता.

कारगिल ही आपली पहिली लढाई जी घराघरांत रोज रात्री टीव्हीवर दिसली. १९९९ चा जून, अकादमीची सुट्टी, मी घरी. तोलोलिंग १३ जूनला हाती आलं, टायगर हिल ४ जुलैला. बातम्यांत बोफोर्सचा भडका दिसायचा, मग शिखर, मग तिरंगा. आई आवाज बंद करून चित्र तेवढं बघायची. त्या दोन चित्रांच्या मध्ये, शिखराखालच्या खडकाला चिकटून जवानांनी काढलेल्या रात्री कुठल्याच कॅमेऱ्यात नाहीत.

तेव्हा आता सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांची गोष्ट घ्या, आणि ती अर्ध्या तासात बसवायची तर काय काय गाळावं लागेल ते बघा. कारवारचे राणे, बॉम्बे सॅपर्सचे, ३७ असॉल्ट फील्ड कंपनी. काम: नौशेरा–राजौरी रस्ता रणगाड्यांसाठी मोकळा करणं. ८ एप्रिल १९४८, सकाळी ११, काम सुरू व्हायच्या आधीच उखळी गोळे पडले, त्यांचे दोन जवान ठार, राणेंसह पाच जखमी. राणे रात्री १० पर्यंत काम करत राहिले. ९ तारखेला सकाळी ६ पासून दुपारी ३ पर्यंत वळणरस्ता केला. पुढे पाइनची झाडं आडवी टाकलेली, ती उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा झाडं, पुन्हा उडवली. संध्याकाळी पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग, वरून मशीनगन. १० तारखेला पहाटे पावणेपाचला पुन्हा काम, साडेसहाला रस्ता मोकळा. साडेदहापर्यंत पुढचे हजार यार्ड. दुपारी २ वाजता रणगाडे नदीच्या पात्रातून चिंगसला पोहोचले. (हे चिंगस म्हणजे जिथे जहांगीर बादशहाची आतडी पुरली असं सांगतात ते. राजौरी सेक्टरला असताना तिथली सराय पाहिली आहे.)

इथे मालिका संपली असती. रणगाडे पोहोचले, बिगुल. राणे मात्र रस्त्यावरच थांबले, कारण मागून रसदीच्या गाड्या यायच्या होत्या आणि त्या पात्रातून जाऊ शकत नव्हत्या. त्या दिवशी विश्रांती न घेता, काही न खाता रात्री ९ पर्यंत काम. ११ तारखेला सकाळी ६ ला पुन्हा सुरू, ११ वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला, आणि त्यापुढचा रस्ता करायला रात्री १० पर्यंत. १२ एप्रिलला आपली फौज राजौरीत शिरली.

राणे जिवंतपणी परमवीर चक्र मिळालेल्या मोजक्या लोकांतले. १९८८ साली दूरदर्शनवर 'परमवीर चक्र' लागली तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. ११ जुलै १९९४ ला पुण्यात गेले. हा प्रसंग मी सुभेदार साहेबांना तासांसकट वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच प्रश्न विचारला नाही. म्हणाले, "साहेब, ह्या साहेबांनी मागच्या गाड्यांचा विचार केला."