कार्डावर ‘दोन टक्के जादा’: कधी द्यायचे, कधी नाही

लग्नाच्या खरेदीला निघालेल्या घरांना हे वाक्य आता पाठ झालं आहे: “कार्ड असेल तर दोन टक्के जादा लागतील.” भिवंडी असो, मुंब्रा असो, मालेगाव असो. फ्रिज, मोबाईल, दागिने, फर्निचर, सगळीकडे हेच. काही जण मुकाट्याने देतात, काही जण काउंटरवर वाद घालतात. दुकानदार म्हणतो बँक कापते, बँक म्हणते दुकानदाराने घ्यायचे नाहीत. म्हणून हा मामला एकदा नीट मांडतो आहोत.

आपण कार्ड स्वाइप केलं की दुकानदाराला बिलाची पूर्ण रक्कम मिळत नाही. मधल्या मंडळींचा वाटा कापून उरलेले पैसे त्याच्या खात्यात येतात. या कपातीला एमडीआर म्हणतात. त्यातला सर्वांत मोठा हिस्सा आपल्याला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. थोडा मशीन देणाऱ्या बँकेकडे आणि थोडा व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांसारख्या नेटवर्ककडे. वर या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. समजा ६०,००० रुपयांचं बिल आहे आणि दर २ टक्के आहे, तर १,२०० रुपये शुल्क आणि २१६ रुपये जीएसटी, मिळून १,४१६ रुपये दुकानदाराच्या हातून जातात. ज्या मालावर त्याला जेमतेम तीन-साडेतीन हजार सुटणार, तिथे ही रक्कम लहान नाही. दुकानदार उगाच रडतो असं म्हणणं बरोबर नाही. आपल्या समाजात काउंटरच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसं असतात, हेही ध्यानात ठेवायला हवं.

गंमत अशी की, कार्डावर मिळणारे पॉइंट आणि कॅशबॅक बऱ्याच अंशी याच कपातीतून येतात. बँक खिशातून काही देत नाही. दुकानदाराने हा खर्च मालाच्या किमतीतच मिसळला, तर रोख देणारी गरीब बाईसुद्धा कुणाच्या तरी पॉइंटचे पैसे भरत असते.

सगळी कार्डं सारखी नाहीत

इथेच बहुतेकांची गफलत होते. डेबिट कार्ड म्हणजे आपल्याच खात्यातले पैसे. त्यावर रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून मर्यादा घातली आहे: वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या दुकानदाराला जास्तीत जास्त ०.४० टक्के आणि एका व्यवहारामागे २०० रुपये, मोठ्या दुकानदाराला ०.९० टक्के आणि १,००० रुपये. हा बोजा ग्राहकावर टाकला जाऊ नये, याची खबरदारी बँकांनी घ्यावी, असंही तेव्हाच बजावलेलं आहे. रुपे डेबिट कार्ड आणि बँक खात्यातून होणारं यूपीआय यांवर तर जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे. तेव्हा फोनवरून खात्यातले पैसे देताना कुणी दोन टक्के मागितले, तर बँक कापते हे कारण खोटं आहे. देऊ नका.

क्रेडिट कार्डाचं वेगळं. त्याच्या एमडीआरवर रिझर्व्ह बँकेची अशी कमाल मर्यादा नाही. दर करारावर ठरतो आणि साधारण दीड ते तीन टक्क्यांच्या दरम्यान असतो. म्हणजे इथे दुकानदाराचा खर्च खरा आहे. तरीही नेटवर्कच्या नियमांत आणि मशीन देणाऱ्या बँकेच्या करारात ग्राहकाकडून वेगळं शुल्क घ्यायला साधारणपणे मनाई असते. “पाचशेच्या खाली कार्ड चालणार नाही” ही पाटीही त्याच नियमांत बसत नाही. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं असेल, तर छोट्या दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंत शुल्क लागत नाही. त्यापुढे लागतं.

काउंटरवर काय चालतं

दुकानदारांनी आपापले मार्ग काढले आहेत. कुणी सरळ दोन टक्के सांगतो. कुणी मशीन बंद असल्याचं सांगतो आणि क्यूआर पुढे करतो. कुणी किंमत थोडी चढी लावून रोखीवर सूट देतो. आम्हाला यातला शेवटचा मार्ग सर्वांत साफ वाटतो, कारण गिऱ्हाइकाला दोन्ही भाव आधीच कळतात.

ग्राहकही हिशोब करतातच. ६०,००० च्या बिलावर १,२०० जादा आणि पॉइंट मिळणार ६०० रुपयांचे, तर कार्ड कशाला काढायचं? पण रोखीकडे वळताना दोन गोष्टी पाहा. एक, एकाच व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याने मनाई आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा, तोही घेणाऱ्याला. निकाहाचे दागिने घेताना सराफ याच कारणाने नाही म्हणतो. दुसरं, ‘रोख द्या, बिल नको’ हा सौदा करू नका. फ्रिज सहा महिन्यांत बंद पडला तर वॉरंटीसाठी बिल लागतं. दागिन्याच्या शुद्धतेवरून वाद झाला तरी तेच लागतं.

जादा रक्कम द्यायचीच ठरलं, तर ती बिलावर लिहून घ्या. दुकानदार तोंडी मागतो आणि बिलावर दाखवत नाही, तिथेच काय ते समजून जावं.

व्याजाचा प्रश्न

हे दोन टक्के म्हणजे सूद का, असा सवाल नेहमी येतो. बहरीनच्या आओफी या संस्थेच्या शरिया मानक क्रमांक २ मध्ये कार्ड देणाऱ्या संस्थेने दुकानदाराकडून विक्रीच्या टक्केवारीने कमिशन घेणं जायज मानलं आहे. त्याच मानकात थकीत रकमेवर व्याज लावणारं क्रेडिट कार्ड मात्र नाजायज ठरवलं आहे. रोखीचा एक आणि कार्डाचा दुसरा भाव असेल, तर सौदा पक्का होण्याआधी त्यातला एक ठरलेला असावा, ही अट उलेमा सांगतात. भाव आधी एक सांगून पैसे घेताना दोन टक्के चढवणं ही त्या अटीचीही मोडतोड आहे. खास आपल्या मसल्यासाठी मुफ्तींनाच विचारावं.

‘नो कॉस्ट ईएमआय’ मात्र नावावर जाऊ नका. बँक त्यात व्याज लावतेच, दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट देते, आणि व्याजावरचा जीएसटी आपल्या माथी येतो. कार्ड घासून रोख पैसे देणारी दुकानंही आहेत, दोन-तीन टक्के कापून. माल नाही, विक्री नाही, फक्त खोटं बिल. यापासून लांबच राहावं.

ब्रिटनमध्ये काय झालं

ब्रिटनमध्ये राहणारे आपले कोकणी नातेवाईक सांगतील की तिथे हे शुल्क १३ जानेवारी २०१८ पासून कायद्यानेच बंद आहे. म्हणून खर्च संपला असं नाही. जस्ट ईटने कार्डाचं शुल्क काढलं आणि प्रत्येक ऑर्डरवर ५० पेन्सची सेवा फी लावली, रोख देणाऱ्यालासुद्धा. तिथल्या करखात्याने तर त्याच दिवसापासून वैयक्तिक क्रेडिट कार्ड घेणंच थांबवलं.

तक्रार कुठे

आधी दुकानातच शांतपणे सांगा: डेबिट कार्ड आहे, यावर जादा लागत नाही. बहुतेक वेळा तेवढ्यावर काम होतं. नाही झालं तर बिल आणि मशीनची पावती सांभाळा. मशीन ज्या बँकेचं, तिचं नाव बहुधा पावतीवर असतं. तिला लेखी कळवा. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा तक्रार फेटाळली, तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याची माहिती १४४४८ वर मिळते.