सूरजागडचे लोखंड आणि गावांचे मत

सूरजागडचा डोंगर गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेकडे सरकत जाणाऱ्या जंगलात उभा आहे. त्याच्या पोटात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे. ते मुख्यतः हेमॅटाइट असून त्यात लोखंडाचे प्रमाण बहुतेक ठिकाणी साठ टक्क्यांच्या वर जाते. डोंगराच्या परिसरात हेडरी, बांडे, मलमपाडी, परसलगोंदी आणि खुद्द सूरजागड ही गावे आहेत. येथील वस्ती प्रामुख्याने माडिया गोंडांची. त्यांच्या दृष्टीने हा डोंगर ठाकूरदेवाचा आहे. दर वर्षी जानेवारीच्या सुरुवातीला येथे ठाकूरदेवाची यात्रा भरते आणि आसपासच्या सुमारे ७० गावांचे लोक येतात. या गावांच्या समूहाला ‘सूरजागड इलाका’ म्हणतात. महसुली नकाशावर त्याची वेगळी हद्द नाही, पण देव, सोयरीक आणि तंटे यांच्या व्यवहारात इलाका हीच खरी हद्द मानली जाते.

या भागाविषयी बाहेर जे लिहिले जाते ते बहुधा दोनच गोष्टींचे असते, नक्षलवाद आणि खनिज. यंत्र, मजुरी, कायदा, दवाखाना यांविषयी येथील माणसे पिढ्यान् पिढ्या काय बोलत आली आणि ते बोलणे कोठे होत असे, याची नोंद फार कमी झाली. वास्तविक मत बनवण्याची जागा येथे आधीपासून ठरलेली आहे. ती म्हणजे गोटुल. बाहेरच्यांनी गोटुलाकडे तरुणांच्या नाचगाण्याची जागा म्हणून पाहिले, पण ते गावाच्या बैठकीचेही ठिकाण असते. पेंदा म्हणजे फिरत्या शेतीसाठी कोणता उतार कधी साफ करायचा, नवे बी कधी पेरायचे, पाहुण्याला किती दिवस ठेवायचे, भांडणात दंड किती, हे गायता, पेरमा, भूमिया हे गावाचे पारंपरिक प्रमुख आणि गावकरी मिळून तेथे ठरवतात. घाईने हात वर करून मत मोजण्याची पद्धत नाही. सगळ्यांचे बोलून होईपर्यंत बैठक चालते, प्रसंगी दुसऱ्या दिवशी पुन्हा भरते. एका गावाला न सुटणारा प्रश्न इलाक्यापुढे जातो. देवाच्या यात्रेत तो मांडला जातो, म्हणून यात्रा म्हणजे पूजा आणि सभा दोन्ही असते. सूरजागडच्या अलीकडच्या इतिहासातला वाद समजून घ्यायचा तर आधी ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते.

लोखंड या मुलखाला नवे नाही. जुन्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या भागात, मातीच्या छोट्या भट्ट्यांतून लोखंड गाळले जाई. त्यासाठी वरचा सुटा दगड गोळा करायचा, फोडायचा, लाकडी कोळशाबरोबर भट्टीत घालायचा आणि भात्याने वारा द्यायचा. तळाशी जमणारा लोखंडाचा गोळा ठोकून त्याचे फाळ, कुऱ्हाडी, बाणांची टोके होत. या धंद्याला दगडापेक्षा कोळसा जास्त लागे, आणि कोळसा म्हणजे जंगल. १८५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा होऊन चांदा इंग्रजांकडे आला. पुढे १८७८ च्या वन कायद्याने जंगल राखीव होत गेले, तसा कोळसा महागला. त्याच काळात रेल्वेने विलायती लोखंड स्वस्त येऊ लागले. दोन्हीकडून कोंडी होऊन भट्ट्या विझल्या. गाळणारा कारागीर मजूर झाला आणि लोहार बाहेरून आलेल्या लोखंडावर काम करू लागला.

याच जिल्ह्यातल्या लोखंडाने जमशेटजी टाटांना ओढून घेतले होते. रिटर फॉन श्वार्ट्‌झ या जर्मन तज्ज्ञाचा चांद्याच्या लोखंडाविषयीचा अहवाल त्यांनी १८८२ मध्ये वाचला. लोहाऱ्याच्या टेकडीत खनिज होते, वरोऱ्याला कोळशाची खाण होती आणि तेथे रेल्वेही पोचली होती. पण वरोऱ्याचा कोळसा पोलाद भट्टीच्या कामाचा निघाला नाही आणि खाणपट्ट्याच्या अटीही जाचक होत्या. १८९९ नंतर सरकारचे खनिज धोरण सैल झाले आणि टाटांनी प्रयत्न पुन्हा हाती घेतला. १९०३-०४ च्या सुमारास दोराबजी टाटा, शापूरजी सकलातवाला आणि अमेरिकन भूशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड चांद्याच्या रानात बैलगाड्यांनी हिंडले. चांद्याचे गणित जमत नाही असा निर्णय झाला. दोराबजींना नागपुरात एका भूशास्त्रीय नकाशावर दुर्ग जिल्ह्यातील खनिजाची खूण दिसली, तेथून शोध ढल्ली-राजहऱ्याकडे आणि मग भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांच्या पत्रामुळे मयूरभंजकडे वळला. कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला. चांद्याचे लोखंड आणखी शतकभर जमिनीतच राहिले.

मधल्या काळात या जंगलातली रोजी लाकूड, बांबू आणि पानांवर आली. अहेरीच्या जमीनदारीतले सागवान आधीपासून प्रसिद्ध होते. १९५१ मध्ये जमीनदाऱ्या संपल्या आणि जंगल वनखात्याकडे गेले. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला लागणारा बांबू याच रानातून जाई. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येई. पहाटे रानात जाऊन पाने तोडायची, घरी सगळ्या कुटुंबाने बसून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन द्यायचे. वर्षातून हाती पडणाऱ्या रोख पैशाचा मोठा भाग या पंधरा-वीस दिवसांत मिळत असे. त्यामुळे पुड्याला काय भाव, मोजताना किती पुडे ‘खराब’ म्हणून बाजूला काढले, बांबूच्या बंडलाला मजुरी किती, हे येथील रोजच्या बोलण्याचे विषय होते. कायद्याविषयीचे मतही याच अनुभवातून घडले. घर शाकारायला बांबू तोडला तर गुन्हा आणि कारखान्याच्या ठेकेदाराने तोडला तर परवाना, हा भेद गावकऱ्यांना कधीच पटला नाही. १९८० मध्ये नक्षलवादी गोदावरी ओलांडून सिरोंचा भागात आले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा हात घातला तो याच मजुरीच्या प्रश्नाला. भाव वाढले, हे खरे. पण त्याबरोबर बंदुकीचा धाकही आला. पुढच्या चार दशकांत पोलीस आणि नक्षलवाद्यांची सशस्त्र दलमे यांच्यामध्ये सापडून सर्वांत जास्त माणसे आदिवासींचीच गेली.

आरोग्याची स्थिती याहून बिकट होती. १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहू लागले, तेव्हा पंचक्रोशीत दुसरा डॉक्टर नव्हता. मेंदूचा मलेरिया, अस्वलाने फाडलेले चेहरे, अडलेली बाळंतपणे हे तेथले नित्याचे रुग्ण. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था जिल्ह्यात आणली. लोकांना कोणत्या आजाराची चिंता वाटते हे आधी त्यांनाच विचारायचे, ही त्यांच्या कामाची पद्धत होती. गावातल्याच स्त्रीला शिकवून घरी नवजात बाळाची काळजी घेण्याच्या त्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. दारूबंदीची मागणीही खालूनच, गावोगावच्या ठरावांतून आणि बायकांच्या मोर्चांतून वर गेली, आणि १९९३ मध्ये सरकारने जिल्हा दारूमुक्त घोषित केला. गावाला विचारले तर गाव उत्तर देते आणि ते उत्तर उपयोगी असते, याचा इतका स्पष्ट पुरावा महाराष्ट्रात क्वचितच मिळेल. खाणीच्या बाबतीत हाच धडा वापरला गेला नाही, ही फार खेदाची गोष्ट आहे.

कायद्यात मात्र या काळात मोठा बदल झाला. १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मान्यता दिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क दिले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला. २०११ मध्ये त्या गावाने स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतः विकला. तोवर वनखाते ज्या वाहतूक परवान्यावर अडून होते, तो तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत गावाच्या हाती आला. पुढे जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक गावांना सामूहिक हक्क मिळाले आणि अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. ज्या पुड्यांसाठी ठेकेदाराची मर्जी राखावी लागे, त्यांची बोली आता गाव लावू लागले.

परंतु लोहखनिज या हक्कांच्या कक्षेबाहेर राहिले. खनिजापुरते पाहिले तर पेसाने ग्रामसभेच्या शिफारशीची अट घातली ती वाळू, दगड अशा गौण खनिजांसाठी. लोखंड हे मुख्य खनिज असल्याने त्याचा निर्णय १९५७ च्या खाण कायद्याने राज्य आणि केंद्र सरकारकडे ठेवला. वर तारखांचाही योग असा जुळला की सूरजागडच्या ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा लॉयड्‌स मेटल्स या कंपनीला २००७ मध्ये मिळाला, आणि वनहक्क कायदा प्रत्यक्ष अमलात आला तो त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला. वनजमीन वळवण्यापूर्वी ग्रामसभांची संमती घ्यावी, हे केंद्राचे परिपत्रक निघाले २००९ मध्ये. ओडिशातल्या नियमगिरीचा डोंगरही असाच देवाचा होता. तेथे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये ग्रामसभांकडे निर्णय सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. सूरजागडच्या गावांना असा कौल देण्याची संधी मिळाली नाही. ठाकूरदेवाच्या यात्रेत दर वर्षी खाणविरोधी ठराव होत राहिले, पण त्या ठरावांना बसायला कायद्यात खुर्ची नव्हती.

पट्टा मिळूनही खाण बराच काळ सुरू झाली नाही. २०१३ मध्ये नक्षलवाद्यांनी कंपनीचे उपाध्यक्ष, एक कंत्राटदार आणि एका पोलीस पाटलाची हत्या केली. २०१६ मध्ये खोदकाम सुरू झाले, तेव्हा २३ डिसेंबरला ७० हून अधिक वाहने जाळण्यात आली. या हिंसेचा सर्वांत वाईट परिणाम असा झाला की खाणीला शांतपणे विरोध करणारा माणूसही संशयित ठरू लागला. २०२१ मध्ये मोठ्या पोलीस बंदोबस्तात काम पुन्हा आणि पूर्ण वेगाने सुरू झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात हजारो गावकऱ्यांनी एटापल्लीत ठिय्या दिला. पोलिसांनी तो उठवला.

वर्षाला ३० लाख टनांचे उत्पादन एक कोटी टनांवर नेण्यासाठी २७ ऑक्टोबर २०२२ रोजी पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार अशी सुनावणी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या अगदी जवळ घ्यायची असते. ही मात्र सुमारे दीडशे किलोमीटर दूर, गडचिरोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात घेण्यात आली. सुरक्षेचे कारण दिले गेले. सुरक्षेची अडचण खरी असली तरी एक दिवसाची मजुरी सोडून, वाहन करून, मराठीत चालणाऱ्या सभेत माडिया बोलणाऱ्या म्हाताऱ्याने आपले म्हणणे मांडावे, ही अपेक्षा न्याय्य नव्हती. गोटुलात जो प्रश्न दोन-दोन दिवस चालला असता, तो तेथे काही तासांत उरकला. २०२३ मध्ये वाढीव उत्पादनाला मंजुरी मिळाली. त्या वर्षी मार्चपासून तोडगट्टा येथे सुमारे ७० गावांचे लोक नव्या खाणींच्या आणि त्यासाठीच्या रस्त्याच्या विरोधात आठ महिने बसले होते. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी तेही आंदोलन मोडले.

गावांचे मत एकसुरी मात्र नाही. खाणीमुळे तरुणांना महिन्याचा पगार मिळू लागला. कोणी डंपर चालवतो, कोणी सुरक्षारक्षक आहे, मुलीही अवजड यंत्रे चालवायला शिकल्या. रोजगार हमीच्या मजुरीची वाट पाहिलेल्या घरात या पगाराचे मोल मोठे आहे, आणि त्याला विकले जाणे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच घरातले वडीलधारे मात्र देवाचा डोंगर, आटलेला नाला आणि लालसर झालेले पाणी यांविषयी बोलतात. खाली आलापल्ली-आष्टी मार्गावरच्या गावांची तक्रार वेगळी आहे. खनिजाच्या ट्रकांनी रस्ता उखडला, धानावर आणि कापसावर धूळ बसली, अपघातांत माणसे गेली. रस्त्याबाबतही दोन मते आहेत. रस्ता झाला तर रुग्ण दवाखान्यात वेळेवर पोचेल हे सगळ्यांना मान्य असते. पण तो रुग्णासाठी होतो आहे की खनिजासाठी, हा प्रश्न तोडगट्ट्याच्या बैठकीत सतत विचारला जात होता. १ जानेवारी २०२५ रोजी गट्टा-वांगेतुरी मार्गावर एसटीची बस पहिल्यांदा धावली, स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी.

खनिज आधी चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुसच्या कारखान्याकडे जाई. दगड बाहेर जाऊ नये, कारखाना जिल्ह्यातच व्हावा, ही मागणी जोर धरल्यावर चामोर्शी तालुक्यात कोनसरी येथे २०१७ मध्ये कारखान्याची पायाभरणी झाली. २०२५ च्या जुलैत हेडरीपासून कोनसरीपर्यंतची सुमारे ८५ किलोमीटरची नलिका सुरू करण्यात आली. तिच्यातून खनिजाचा बारीक चुरा पाण्याबरोबर वाहून नेला जातो, त्यामुळे रस्त्यावरचे ट्रक काही प्रमाणात कमी होतात. त्याच वर्षी खनिज उत्पादन वर्षाला २.६ कोटी टनांपर्यंत नेण्यास पर्यावरण मंजुरी मिळाली, आणि कमी प्रतीचे खनिज शुद्ध करण्याच्या प्रकल्पासाठी ९३७ हेक्टर वनजमीन वळवण्याची शिफारस केंद्राच्या वन सल्लागार समितीने केली. त्यात एक लाखाहून अधिक झाडे तोडावी लागणार आहेत. खाणपट्ट्याची मुदत २०५७ पर्यंत आहे.