काचकुंडांतील शेजार

मासे पाळावयाचे म्हणजे कुंड केवढें असावें व त्यांत कोणाची सोबत कोणास मानवेल, हा प्रश्न दिसतो तितका बालिश नाहीं. लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यानें सुमारें १२ गॅलनांच्या काचपात्रांत अवघे दोन सोनेरी मासे सोडिले व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पति लाविली. माशांनीं टाकिलेला कार्बनवायु वनस्पतीनें घ्यावा व प्राणवायु परत द्यावा, हा हिशेब चोख होता. पण पानें कुजून पाणी गढूळलें. तेव्हां त्यानें पाणगोगलगायी आणिल्या. त्यांनीं कुजका पाला खाल्ला, त्यांच्या पिलांवर मासे पोसले, व पाणी निवळलें. १८५० सालीं त्यानें हें प्रसिद्ध केलें.

चौथा शेजारी मात्र त्याच्या दृष्टीस पडला नव्हता. माशांच्या देहांतून निघणाऱ्या अमोनियाचें विष उतरविणारे सूक्ष्म जंतु तेथें होते. मातींतील अशाच जंतूंच्या कार्याचा मागोवा पुढें त्याच्याच पुत्रानें, धाकट्या रॉबर्टनें, रॉथॅमस्टेड येथें घेतला. उष्ण प्रदेशांतील चिमुकल्या माशांनीं नवें कुंड एका दिवसांत भरूं पाहणाऱ्या हौशी गृहस्थानें पितापुत्रांचा हा धडा ध्यानीं धरावा: न दिसणाऱ्या शेजाऱ्यास आधीं वसूं द्यावें, आणि मगच पाहुणे, तेहि मोजके, बोलवावे.